तिसऱ्या कंटेनरचं सील

“साहेब, हालू नका. हातात हाये तसंच धरा.”

लंकाबाई बर्डे हे इतक्या हळू बोलली की ते मला उद्देशून आहे हेच आधी लक्षात आलं नाही. मे महिना होता, दुपारचे बारा वाजत आले होते. सावरखेड्याच्या कंटेनर डेपोच्या आवारात मी उभा होतो आणि माझ्या हातात लोखंडाचा एक गंजलेला तुकडा होता. दीडेक वीत लांब, मधे फुगलेला, एका टोकाला पंख्यासारखी पाती. हमाल तिसऱ्या कंटेनरमधलं भंगार ट्रकमध्ये भरत होते, त्यातून तो घरंगळत माझ्या बुटाशी आला होता. परत ढिगावर भिरकवायला म्हणून मी तो उचलला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“गोळा हाये त्यो. फुटायचा ऱ्हायलेला.”

मला पहिल्यांदा वाटलं ते एकच. फेकावा आणि पळावं. ते माझ्या चेहऱ्यावर तिला दिसलं असणार.

“टाकला तर आपन दोघंबी ऱ्हात न्हाई,” ती म्हणाली. “मूठ लई आवळू नका, ढिली बी सोडू नका. माझ्याकडं बघा फकस्त.”

मी तिच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर नीट असं पहिल्यांदाच बघितलं. हमालांच्या आठ जणांच्या टोळीत ती तीन वर्षं काम करत होती. पंचेचाळीशीची, किडकिडीत, डोक्याला फडकं गुंडाळलेली. त्या तीन वर्षांत ‘बाई, जरा बाजूला व्हा’ यापलीकडे मी तिच्याशी काही बोललो नव्हतो.

मान न वळवता तिने मुकादमाला हाक मारली. “सोपान, समद्यांना घिऊन वजनकाट्याच्या पल्याड जा. पळू नका, चालत जा. अन् ट्रकवाल्याला सांग, गाडी चालू करू नको, उतर अन् जा.”

एरवी तिच्यावर दिवसभर खेकसणारा सोपान एक शब्द न बोलता सगळ्यांना घेऊन गेला. कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट किरण मुथा तर त्यांच्याही आधी पोहोचला होता. ती मात्र गेली नाही. भिंतीला टांगलेली आगीची लाल बादली तिने काढली, माझ्यापुढे वाळू ओतली, मग दुसरी बादली आणून ओतली. तळहाताने त्या वाळूत लांबट खळगा केला.

“आता बसा. गुडघ्यावर. मी बसते तसं बसा.”

ती माझ्यासमोर बसली. मीही बसलो. खाली बसायला किती वेळ लागला कोण जाणे.

“त्याच्या टोकाला पितळी टोपी हाये. ती कशाला टेकता कामा नये.”

“लंकाबाई, घाम आलाय. निसटतंय.”

तिने आपले दोन्ही हात माझ्या हातांखाली घातले. खरबरीत आणि कोरडे होते ते. आम्ही दोघांनी मिळून तो गोळा वाळूत टेकवला.

“आता बोटं सोडा. येकेक.”

मी एकेक बोट सोडलं.

“उठा. मागं बघू नका. चला.”

वजनकाटा दोनशे पावलांवर होता. तिथे पोहोचलो आणि भिंतीला धरून मी ओकलो. लंकाबाईने डोक्याचं फडकं सोडून माझ्यापुढे धरलं.

मी तेव्हा कस्टम्स खात्यात इन्स्पेक्टर होतो, वय एकतीस. सावरखेड्याला समुद्र नाही, पण परदेशातून आलेले कंटेनर मुंबईच्या बंदरात न उघडता सीलबंद रेल्वेने थेट आमच्याकडे यायचे आणि इथे उघडले जायचे. म्हणजे त्या मालापुरती देशाची हद्द आमच्या फाटकाशी होती. बाहेरून काय आत येतं ते बघायला सरकारने तिथे मला उभं केलं होतं.

तीनच्या सुमाराला लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं. तिसरा कंटेनर आणि अर्धा भरलेला ट्रक यांतून त्यांनी एकोणीस गोळे काढले. त्यातले अकरा जिवंत होते. कुठल्याशा लढाईच्या मैदानातलं लोखंड गोळा करून कोणीतरी ते आखातातल्या एका बंदरामार्गे भंगार म्हणून पाठवलं होतं. सोबत प्रमाणपत्र होतं की मालात शस्त्रं, काडतुसं, स्फोटकं काहीही नाही. ट्रक जाणार होता पोलाद वितळवायच्या भट्टीवर. त्या भट्टीवर एका पाळीला साठ माणसं असत.

पथकाच्या नायब सुभेदारांनी वाळूतला गोळा वाकून पाहिला. “हा कोणी ठेवला?”

मी लंकाबाईकडे बोट दाखवलं.

“बरोबर ठेवलाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “फेकला असता तर...” त्यांच्या माणसाने पाण्याची बाटली आणली, ती त्यांनी आधी तिला दिली.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे विचारतात, मग त्या बाईला बक्षीस मिळालं असेल ना? त्या संध्याकाळी पाच वाजता तिच्या शेजारी एक महिला पोलीस बसवली होती आणि तिला उठायची परवानगी नव्हती.

डेपोच्या कार्यालयात पोलीस इन्स्पेक्टर खिलारे, आमचे अधीक्षक नाडगौडा साहेब, एजंट मुथा आणि मी असे चौघे होतो. लंकाबाई बाहेर व्हरांड्यात जमिनीवर बसली होती.

“मला एक सांगा,” खिलारे म्हणाले, “एका हमाल बाईला तोफेचा गोळा कसा काय ओळखता येतो? टोपी काय, वाळू काय. लष्करातल्या माणसासारखं.”

“तेच तर साहेब,” मुथा पुढे सरकला. “ही बाई लष्कराच्या सरावाच्या माळाकडची आहे. तिकडचे लोक गोळ्यांचं पितळ, लोखंड उचलून आणतात. भंगारात मिसळून बाहेर काढायचा डाव असेल. टोळीच आहे साहेब त्यांची. आमचा माल स्वच्छ होता. ह्या ठोसर साहेबांनी स्वतः तपासलाय. हा बघा कागद.”

खिलाऱ्यांनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. “चारही कंटेनर माझ्यासमक्ष सील तोडून उघडले. मालाची पूर्ण तपासणी केली. माल घोषणेप्रमाणे आढळला. वेळ अकरा वीस. सही, मुकुंद ठोसर.” त्यांनी मान वर केली. “म्हणजे अकरा वीसला कंटेनरमध्ये गोळे नव्हते. बाराला आहेत. मधे हात लावला तो फक्त हमालांनी.”

नाडगौडा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, कमी बोलणारा माणूस. “ठोसर, चारही उघडले होते?”

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या मुलीचं बारसं होतं. पहिली मुलगी. तीन तासांचा रस्ता होता आणि मला दुपारच्या आत निघायचं होतं. मी सकाळी पहिला कंटेनर उघडला, पुढचा थोडा माल काढून बघितला, आणि उरलेल्या तिन्हींचे सील नंबर कागदपत्रांवरून उतरवून घेऊन सही ठोकली. असं मी एकटाच करत होतो असं नाही, पण सही माझी होती. तिसऱ्या कंटेनरचं सील सोपानने तोडलं तेव्हा माझ्या सहीला वीस मिनिटं होऊन गेली होती. टोळीतले सगळे तिथे होते. लंकाबाई तर दाराला हात लावून उभी होती.

“हो सर,” मी म्हणालो.

माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. याचं मला आजही नवल वाटतं.

“मग प्रश्न मिटला,” खिलारे म्हणाले. “बाईला ठाण्यावर घेतो. मुकादमालाही.”

मी तोंड धुवायचं निमित्त करून बाहेर आलो. व्हरांड्यात नळ होता. लंकाबाई गुडघ्यांभोवती हात घेऊन बसली होती. शेजारची पोलीस बाई पेंगत होती.

“पानी पिऊन घ्या साहेब,” लंकाबाई म्हणाली. “लई वकलात मघा. पोटात काय ऱ्हायलं नसंल.”

मी पाणी प्यायलो. मग जायचं सोडून तिथेच कठड्याला टेकलो. “तुम्हाला कसं कळलं तो गोळा आहे ते?”

“आमच्या पालापासनं सरावाचा माळ दिसायचा. सराव झाला की मानसं आत जायची, पितळ येचायला. बाप कधी न्हाई गेला. त्यो शेळ्या राखायचा. पन आम्हाला पोरांना समदं शिकवून ठिवलं व्हतं त्यानं. टोपी असलेला गोळा दिसला तर शिवायचं न्हाई. चुकून उचललाच तर टाकायचा न्हाई, मऊ मातीत टेकवायचा. लिंबाची काटकी घिऊन दाखवायचा, आसा धर, आसा ठिव.”

“मग?”

“मी नवाची आसंन. आमची येक शेळी तारंतून आत गेली. त्यो तिला आनाया गेला. कुनीतरी आत येचत व्हतं, त्यानं गोळा फेकला. त्यो अन् बाप, दोघंबी गेले. पंचनाम्यात लिवलं, चोरी करताना मेला. दोघांचं येकच लिवलं. आय म्हनत ऱ्हायली, शेळी आनाया गेला व्हता, शेळी आनाया गेला व्हता. ते म्हनले, कागद झाला आता.”

आत खिलाऱ्यांचं फोनवर बोलणं चाललं होतं. गाडी मागवत होते.

“लंकाबाई,” मी म्हणालो, “सील माझ्या सहीनंतर तुटलं. तुम्ही तिथेच होता. हे त्यांना का नाही सांगितलंत?”

“मी सांगून काय व्हनार? माझं कोन आयकतंय.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “अन् कागद तुमचा हाये. तुम्हीच सांगाल.”

“आणि मी नाही सांगितलं तर?”

तेव्हा तिने वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. दुपारी माझ्या हाताखाली हात घालताना जशी बघत होती तशीच ती बघत होती.

“मग न्हाई सांगितलं,” ती म्हणाली.

मी आत गेलो. बसलो नाही, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

“सर, मी खोटं बोललो. मी फक्त पहिला कंटेनर उघडला. बाकीचे तीन उघडलेच नाहीत. नंबर कागदावरून घेतले. तिसऱ्याचं सील अकरा चाळीसच्या सुमाराला तुटलं, हमालांनी तोडलं, मुथांच्या सांगण्यावरून. ते भंगाराच्या डब्यात पडलेलं असेल. गोळे कंटेनरमधूनच आले.”

मुथा उभा राहिला. “ठोसर साहेब, तुम्हाला धक्का बसलाय. घरी जा, आराम करा. उद्या शांतपणे—”

“तुम्ही बसा,” नाडगौडा साहेब त्याला म्हणाले. मग मला, “हे लिहून द्याल?”

“देतो.”

“ठोसर, हे लिहिलंत की मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

“माहीत आहे सर.”

त्यांनी कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. मी दोन पानं लिहिली. शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली, जी कुणी विचारली नव्हती. ‘हमाल कामगार लंकाबाई बर्डे यांनी स्वतः धोक्यात थांबून माझा आणि इतर कामगारांचा जीव वाचवला.’ नाडगौडा साहेबांनी सगळं वाचलं. त्या ओळीपाशी ते थांबले आणि म्हणाले, “त्यांचं पूर्ण नाव विचारून या. वडिलांच्या नावासकट.”

मी बाहेर जाऊन विचारलं.

“लंका चिमाजी बर्डे,” ती म्हणाली. मी उभ्या उभ्या ते कागदावर लिहिलं. तिने विचारलं, “माझ्या बापाचं बी लिवलं?”

“लिहिलं.”

तिने पदराने तोंड पुसलं आणि फाटकाकडे बघत राहिली.

भंगाराच्या डब्यात सील सापडलं. मग सोपानला धीर आला आणि त्याने जबाब दिला. खिलाऱ्यांनीही मोडता घातला नाही. जाताना ते लंकाबाईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मावशी, चूक झाली.” तिने मान हलवली आणि विचारलं, “उद्या कामावर येऊ ना मग?”

“या,” नाडगौडा साहेब म्हणाले.

ती दुसऱ्या दिवशी कामावर आली. मी नव्हतो. मला निलंबित केल्याचं पत्र सकाळी नऊलाच हातात पडलं होतं.

बारसं माझ्याशिवाय झालं होतं. सासुरवाडीला पोहोचलो तेव्हा शैला, माझी बायको, रागाने लाल झाली होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. सहीचं आधी सांगितलं, गोळ्याचं नंतर. तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटसुलट करून बघितले, जणू त्यांना काही लागलं आहे का ते शोधत होती. मग मुलीला आणून त्या हातांत दिलं.

“त्या बाईंना काही नेऊन द्यायला हवं,” ती म्हणाली.

शैलाने घेतलेलं लुगडं घेऊन मी पुढच्या आठवड्यात लंकाबाईच्या वस्तीवर गेलो. तिने ते घेतलं, चहा दिला, आणि विचारलं, “नोकरी गेली का हो?”

“अजून नाही. चौकशी चालू आहे.”

“कवाशिक येनार परत?”

“येईन की नाही तेच माहीत नाही.”

“याल,” ती म्हणाली. “ज्यानं येकदा हात भाजून घेतला त्यो नीट बघंल. नव्या मानसाचं काय सांगावं?”

चौकशी सात महिने चालली. मुथाचा परवाना गेला. माल मागवणाऱ्या भट्टीच्या मालकावर खटला उभा राहिला आणि ते प्रमाणपत्र बनावट असल्याचं सिद्ध झालं. नाडगौडा साहेबांनी डेपोत हुकूम काढला की भंगाराचा एकही कंटेनर पूर्ण रिकामा करून बघितल्याशिवाय सोडायचा नाही. त्यांनी लष्करातल्या त्याच नायब सुभेदारांना बोलावून हमालांना आणि इन्स्पेक्टरांना एकत्र बसवून दोन दिवस शिकवायला लावलं. माझ्या शिक्षेच्या कागदावर बढती चार वर्षं लांबणीवर टाकली होती, पण नोकरी राहिली होती. माझ्या बाजूने साहेबांनी एकच मुद्दा मांडला होता, की याने न विचारता खरं सांगितलं. न विचारता, हे खरं नव्हतं. व्हरांड्यात मला कोणी तरी विचारलं होतं, शब्द न वापरता. पण ते चौकशीच्या कागदात मावलं नसतं.

डिसेंबरात मी परत कामावर गेलो. थंडी होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं. पहिलाच कंटेनर भंगाराचा निघाला. टोळी दारापाशी उभी होती, सोपानच्या हातात सील तोडायची कात्री होती. लंकाबाई पुढे आली आणि तिने दारावर हात आडवा धरला.

“थांब,” ती सोपानला म्हणाली. “साहेब आलेत. कागद काढा साहेब.”

मी कागद काढला.

तिने सीलवर बोट ठेवलं. एकेका आकड्यावरून ते सरकवत, शाळेतल्या मुलीसारखी वाचू लागली. “सात. शून्य. चार. चार.” मग अडखळली, जवळ वाकून पाहिलं. “नऊ. येक.”

ते आकडे इंग्रजी होते. लंकाबाईला सहीसुद्धा करता येत नव्हती, पगाराला ती अंगठा लावायची.

“साहेब, तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं हिनं हे खूळ घेतलंय,” सोपान म्हणाला. तो हसत होता, पण थट्टेने नाही. “वजनकाट्याच्या कारकुनाकडून आकडे शिकली. रोज जेवणाच्या सुट्टीत, भाकर खाता खाता. आता नंबर वाचल्याबिगर सीलला हात लावू देत न्हाई. चार इन्स्पेक्टर येऊन गेले मधे. त्यांनाबी न्हाई लावू दिला.”

लंकाबाईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिचं बोट अजून सीलवरच होतं.

“जुळलं का?” तिने मला विचारलं.

मी कागद डोळ्यांपाशी नेला. आकडे अंधुक दिसत होते. डोळे पुसले आणि परत एकेक करून बघितले.

“जुळलं, लंकाबाई.”

“मग तोड,” ती सोपानला म्हणाली, आणि दार ओढायला सगळ्यांच्या पुढे झाली.